स्टिरिओ तोच, मग आवाज वेगळा का?

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि संध्याकाळी घरोघर कूलर सुरू होतात. नेमका तेव्हाच घरातला स्टिरिओ दबलेला, फाटका वाटू लागतो. तेच गाणे पहाटे लावले तर सतारीची तार न् तार मोकळी ऐकू येते. यंत्र बिघडले समजून लोक ते दुरुस्तीला नेतात. पण बदललेले असते ते यंत्राच्या भोवतालचे बरेच काही.

आधी वीज पाहावी. घरात 230 व्होल्ट यायला हवेत. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यात असले, तरी घरातले व्होल्टेज ठरते गल्लीच्या डीपीवरच्या भारावर आणि घर लाईनच्या शेवटाला आहे की नाही यावर. भार वाढला आणि 230 चे 180 झाले, तर जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आतले व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरते. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने त्याची कमाल शक्ती सुमारे 60 टक्क्यांवर येते. हळू आवाजात हे जाणवत नाही. आवाज वाढवला की ढोलकीची थाप फाटते. 100 ते 240 व्होल्टवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना हा त्रास सहसा होत नाही.

कूलरची घरघर वेगळेच नुकसान करते. गाण्यातले बारीक स्वर तिच्याखाली झाकले जातात.

खोलीचा वाटा तर फार मोठा. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून त्या घुमण्याचे मोजमाप केले. मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडे बदलले तरी आकडा बदलतो, हे कळल्यावर त्याने आधीच्या हजारो नोंदी रद्द केल्या. कपड्यांनी एवढा फरक पडत असेल, तर स्लॅबच्या, फरशीच्या खोलीत गाद्या-वाकळांची चळत ठेवली किंवा काढली की आवाज बदलणारच. उघड्या दारातून गेलेला आवाज परत येत नाही. थंडीत दारे-खिडक्या लावल्या की तो आतच घुमतो.

हवेचेही तसेच. 12 अंशांच्या पहाटे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 338 मीटर असतो, 42 अंशांच्या दुपारी 356. गाण्याचा सूर त्याने बदलत नाही. मात्र तीन मीटर लांबीची खोली ज्या खर्जाला घुमते, तो 56 हर्ट्झवरून 59 वर, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर वर सरकतो. याहून मोठा फरक खुर्ची हलवल्याने पडतो: हा खर्ज भिंतीलगत दणदणतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो.

उरला कान. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये दाखवले की आवाज लहान केला की कानाला खर्ज अधिक कमी ऐकू येतो. म्हणून रात्री घरचे झोपल्यावर हळू लावलेले गाणे पोकळ वाटते. सर्दीने कानाला दडे बसल्यासारखे होते. वरातीतल्या डीजेजवळ तासभर उभे राहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीही बारीक स्वर बोथट लागू शकतात. असे वारंवार झाले तर ऐकणे कायमचे अधू होते, आणि त्यावर कुठलाही महागडा स्पीकर उपाय नाही. लहान मुलांना तरी डीजेच्या स्पीकरच्या भिंतीपासून लांब ठेवायलाच हवे.

म्हणून खर्च करण्याआधी घरीच पारख करावी. कूलर बंद, दारे रोजच्यासारखी, खुर्ची त्याच जागी, गाणे आणि आवाजही तेवढाच ठेवावा. व्होल्टेज मीटरवर पाहावे. तरीही एका बाजूचा आवाज खराब येत असेल, तर यंत्र बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरपाशी अदलाबदल कराव्यात. खराबी दुसऱ्या पेटीत गेली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्याआधीचा. त्याच पेटीत राहिली तर स्पीकर किंवा त्याची वायर तपासायला न्यावी.