नावाजलेला सर्जन, पण टीम कोणती?

सर्जन नावाजलेला असला की ऑपरेशन कुठेही करा, निकाल तोच, असा आपला ठाम समज असतो. हकमन आणि पिसानो या अभ्यासकांनी २००६मध्ये पेनसिल्व्हेनियातील हृदयशस्त्रक्रियांच्या नोंदींवरून तो तपासला. एकाहून अधिक रुग्णालयांत काम करणाऱ्या सर्जनचा ज्या रुग्णालयात सराव वाढे, तिथे त्याच्या रुग्णांतील मृत्यू घटत. दुसऱ्या रुग्णालयात त्या सरावाचा फारसा उपयोग दिसला नाही. हात तेच होते, भोवतीची माणसे वेगळी होती. कौशल्याचा काही भाग सर्जनबरोबर गावोगाव फिरत नाही, असाच याचा अर्थ लागतो.

मग मोठे नाव असलेल्या संस्था तरी नवे तंत्र लवकर शिकत असतील? संशोधक एमी एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी सोळा रुग्णालये पाहिली. छातीचे हाड न कापता लहान छेदातून हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र तेव्हा नवे होते. महाधमनी बाहेरून चिमट्याने बंद करण्याऐवजी आत फुगा फुगवायचा. तो जागचा हलला तर सर्जनला डोळ्यांनी दिसत नाही. भूलतज्ज्ञाने पडद्यावर पाहून, इतरांनी दाबाचे आकडे वाचून ते बोलून दाखवायचे. एरवी गप्प राहणाऱ्यांनी बोलणे हाच इथे तंत्राचा भाग होता. यश संस्थेच्या प्रतिष्ठेवर किंवा सर्जनच्या ज्येष्ठतेवर ठरले नाही. माणसे विचारपूर्वक निवडून, आधी रंगीत तालीम करून, सुरुवातीच्या शस्त्रक्रियांना तीच टीम ठेवणाऱ्यांचे जमले.

एकत्र शिकायचे म्हणजे प्रत्येकाला सगळे यायला हवे, हाही गैरसमजच. १९९५च्या एका प्रयोगात तिघातिघांच्या गटांना रेडिओ जोडायला शिकवले. एकेकटे शिकलेल्यांपेक्षा एकत्र शिकलेल्यांच्या चुका कमी झाल्या, कारण कोणाला काय येते हे त्यांना ठाऊक होते आणि लक्षात ठेवायचे त्यांनी आपसांत वाटून घेतले होते.

पाळ्यांवर चालणाऱ्या रुग्णालयात कायमची टीम कुठून आणायची, हा आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षेच्या तपासणी यादीत म्हणूनच छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचे असते. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या २००९च्या अभ्यासात ही यादी आल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओत ती सक्तीची झाली, पण २०१४च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. माझ्या मते यात यादीचा दोष नाही. खुणा सक्तीने करून घेता येतात, बोलणे नाही.