इमॅटिनिब : जीव राखणारी गोळी आणि घ्यावयाची काळजी



शिरूर व दौंड परिसरात आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना एक वाक्य आमच्या कानांवर पडते : "फादर, आता बरे वाटते, म्हणून गोळी बंद केली." कधी त्यामागे अंगावर आलेली सूज असते, तर कधी पुण्याच्या फेरीचा खर्च. परंतु रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या गोळीच्या बाबतीत असा निर्णय जिवावर बेतू शकतो. म्हणून तिची माहिती येथे देत आहोत.

गोळीचे कार्य

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल, या आजारात एका सदोष प्रथिनामुळे अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. इमॅटिनिब त्या प्रथिनाचे काम रोखते. अमेरिकेत २००१ साली तिला मान्यता मिळाली. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात हे औषध सुरू केलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १०० पैकी सुमारे ८३ रुग्ण १० वर्षांनंतर हयात असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी या औषधाच्या पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

बरे वाटणे म्हणजे आजार मुळापासून गेला असे नव्हे. गोळी थांबली की रोगट पेशी पुन्हा वाढू शकतात. काही निवडक रुग्णांचे औषध तज्ज्ञ थांबवतात. पण दीर्घ उपचारानंतर आणि नियमित रक्ततपासणीच्या देखरेखीखालीच.

दुष्परिणाम

मळमळ, जुलाब, पोटऱ्यांत गोळे येणे, थकवा, पुरळ, डोळ्यांभोवती व पायांवर सूज हे त्रास पुष्कळांना होतात. काहींच्या त्वचेचा रंग फिका पडतो. तो संसर्गजन्य रोग नव्हे. अशा व्यक्तीला कोणी दूर लोटू नये. गोळी भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाणी पिऊन घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. एखादी मात्रा चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

ताप, रक्तस्राव, काळा शौच, डोळे पिवळे होणे, धाप लागणे किंवा वजन झपाट्याने वाढणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तपेशी व यकृत यांवर परिणाम होऊ शकत असल्याने ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत. गरज असल्यास मात्रा कमी करणे वा दुसरे औषध देणे डॉक्टरांच्या हाती असते. पण त्यासाठी आपला त्रास त्यांना कळला पाहिजे.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व फिटवरील फेनिटॉइन यांमुळे या गोळीचा प्रभाव घटतो. म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध, झाडपाल्याचे असले तरी, डॉक्टरांना सांगावे. गर्भाला अपाय होऊ शकत असल्याने विवाहित भगिनींनी उपचारापूर्वीच याविषयी बोलावे आणि पाळी चुकल्यास त्वरित कळवावे. अंगावर दूध पाजू नये.

उपवास आणि ख्रिस्तप्रसाद

प्रायश्चित्तकाळात उपवासासाठी गोळी टाळणारे भाविकही असतात. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवसांचे उपवासाचे बंधन आजाऱ्यांवर नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम आहे. पण पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. इतकेच नव्हे, तर वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासात अन्न घेतले असले तरी ते ख्रिस्तप्रसाद स्वीकारू शकतात, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कॅनन ९१९ सांगते. तेव्हा जेवून गोळी घ्या आणि निःशंक मनाने मिस्साला या.

जुन्या करारातील सिराख या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्य आणि औषधे ही देवाचीच देणगी मानली आहे. रुग्णाभ्यंग व प्रार्थना यांनी आजाऱ्याला बळ मिळते. औषध सोडावे असे त्या कधी सांगत नाहीत. गोळी संपत आली असेल अथवा पैशांची अडचण असेल, तर ती थांबण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवकांना व आपल्या धर्मगुरूंना सांगा. शेजाऱ्यांनीही तपासणीच्या दिवशी रुग्णासोबत जावे. पुण्याच्या त्या एका फेरीत सोबत करणे ही प्रभू येशूचीच सेवा आहे.