पंगतीसाठी भरलेला लादीपाव

वसईहून नोकरीनिमित्त बडोद्यास येऊन समा भागात स्थायिक झालेल्या आमच्या एका मावशींची कन्या अमेरिकेत असते. तिने आईला एक पाककृती लिहून पाठविली, आणि मावशी तो कागद घेऊन थेट माझ्याकडे आल्या. "फादर, यंदा सणाच्या दिवशी हेच करू या. शंभर-सव्वाशे माणसे तासाभरात जेवून उठतील." मी कागद वाचला. एकमेकांस चिकटलेल्या चिमुकल्या पावांची अख्खी लादी सुटी न करता मधोमध आडवी चिरावयाची, खालच्या थरावर गोमांसाचे पातळ परतलेले काप आणि चीज पसरावयाचे, वरचा थर झाकण घालावे तसा ठेवावयाचा, लोणी फासून भट्टीत भाजावयाचे आणि मग सुरीने चौकोन पाडून वाढावयाचे. एका खटपटीत बारा-पंधरा जणांचे काम होते. एकेक पाव भरीत बसावे लागत नाही.

अमेरिकेत अशा छोट्या भरलेल्या पावांस स्लायडर म्हणतात. कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरी १९२१ साली व्हाईट कॅसल नावाचे उपाहारगृह निघाले. तेथे पाच सेंटांस मिळणारा छोटासा चौकोनी मांसपाव हा याचा पूर्वज. मांसाचे पातळ काप परतून पावात भरण्याची चाल मात्र फिलाडेल्फियाची. पॅट ऑलिव्हिएरी नावाच्या विक्रेत्याने १९३० साली ती सुरू केली आणि त्यावर चीज पुढे आले. मावशींच्या कन्येच्या कागदावर या दोन्ही चालींचा विवाह लागला होता.

त्या कागदावरील पहिलीच ओळ आम्ही तेथल्या तेथे खोडली. गुजरातेत गोवंशहत्येस कायद्याने बंदी आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण कायदा नसता तरी आम्ही ती ओळ खोडलीच असती. कारण आमच्या सणाला जेवावयास येणारे निम्मे लोक आमचे नसतात, शेजारचे असतात.

हे शेजारी कोण, ते सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले आणि समा, हरणी, फत्तेगंज या बाजूंना घराघरांत शिरले. आमच्या अंगणातही गुडघाभर पाणी होते. वीज नाही, पिण्याचे पाणी नाही, शेगडी पेटवावयास कोरडी जागा नाही. त्या दिवसांत समोरच्या सोसायटीतील एक वृद्ध बा आपल्या गच्चीवर खिचडी रांधून मुलांकरवी आमच्याकडे पाठवीत होत्या. खिचडी, थेपले, लोणच्याची फोड. कोण कोणत्या देवाचा, हे त्या पातेल्याने विचारले नाही. पुढच्या सणाला आम्ही बांना आणि त्यांच्या सोसायटीला आग्रहाने बोलाविले. शाकाहारी मंडळींसाठी निराळा पुलाव केला होता. गर्दीच्या भरात वाढणाऱ्या एका मुलाने मटणाच्या बिर्याणीतला डाव तसाच उचलून पुलावात घातला. बांनी तो पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. "आज मारो उपवास छे," असे म्हणून त्यांनी एक केळे घेतले, मुलांना आशीर्वाद दिला आणि त्या घरी गेल्या. तो दिवस उपवासाचा नव्हता, हे मला दोन दिवसांनी कळले. ज्या घरचे अन्न आम्ही पुरात खाल्ले, त्या घरची माणसे आमच्या दारातून उपाशी परतली होती.

म्हणून मावशींच्या कागदाकडे मी अधिक गंभीरपणे पाहू लागलो. लादीपावाच्या या प्रकारात डाव लागतच नाही! प्रत्येक लादी स्वतंत्र पत्र्यात, कापलेली, झाकलेली. एका पत्र्याचा दुसऱ्याशी संबंध येत नाही.

पावाची मात्र एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत या पदार्थासाठी बहुधा हवाई बेटांतला मऊ गोडसर पाव वापरतात. रॉबर्ट टायरा या बेकरीवाल्याने १९५० साली हिलो गावी दुकान काढून तो लोकप्रिय केला. परंतु त्याचे मूळ पोर्तुगीज मजुरांच्या गोड पावात आहे. हे मजूर १८७८ पासून उसाच्या मळ्यांवर कामासाठी त्या बेटांवर जाऊ लागले होते. आपला पाव तरी कोठला? शब्दही पोर्तुगीजांचा आणि वस्तूही त्यांचीच; गोवा आणि वसई या वाटांनी ती आपल्याकडे रुजली. तेव्हा कन्येने अमेरिकेहून पाठविलेला पाव हा आमच्या वसईकर मावशींच्या पावाचा दूरचा भाऊच निघाला. गोड पाव येथे शोधीत बसण्याचे कारण नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतील सहा पावांची ताजी लादी उत्तम. फक्त दोन प्रश्न आधी विचारावेत: पिठात अंडे आहे काय, आणि वरून अंड्याचा हात फिरविला आहे काय? साध्या लादीत बहुधा नसते; तरीही विचारावे, आणि उत्तर शेजाऱ्यांनाही सांगावे.

आता भाजणीचा प्रश्न. आपल्या घरांत मोठी भट्टी नसते. पूर्वी नानकटाईचे पत्रे घेऊन बायका बेकरीत जात असत आणि नाताळाचे केकही तेथेच भाजून आणीत असत. कित्येक गावी अजूनही जातात. त्याच हिशेबाने मी पाववाल्याकडे गेलो. त्याने विचारले, "आत काय आहे?" मी खरे ते सांगितले. तो नम्रपणे म्हणाला, "भाजीचे पत्रे आणा, हवे तितके आणा. मटण मात्र या भट्टीत नको. माझे गिऱ्हाईक मोडेल." प्रथम मला राग आला, हे कबूल करतो. वाटेत विचार करता लक्षात आले, की बांच्या बाबतीत आम्ही जे विसरलो, ते या माणसाला बरोबर आठवत होते.

अशा रीतीने चुली दोन झाल्या. शाकाहारी लाद्या बेकरीच्या भट्टीत भाजावयाच्या, सामिष लाद्या आमच्या अंगणात निखाऱ्यांवर. बेकरीची सकाळची भाजणी आटोपली की विटांत साठलेली उष्णता सावकाश उतरू लागते. पाव भाजण्यास ती अपुरी, परंतु भरलेला पाव गरम करून चीज वितळविण्यास अगदी योग्य असते; आठ-दहा मिनिटांत काम होते. घरी विजेची किंवा गॅसची भट्टी असल्यास १८० अंशांवर पंधरा मिनिटे झाकून आणि पाच मिनिटे उघडे भाजावे.

निखाऱ्यांची युक्ती गुजराती गृहिणीला हांडव्यावरून ठाऊक असते आणि वसई-गोव्याकडच्या गृहिणीला बेबिंकावरून: विस्तव खाली आणि वरही. जाड बुडाचे पसरट पातेले घ्यावे. तळाशी दोन बोटे कोरडी वाळू पसरून तिच्यावर तिवई व तिच्यावर लादीचा पत्रा ठेवावा. वर खोलगट लोखंडी झाकण ठेवून त्यात निखारे भरावेत. खाली एक भाग निखारे तर वर दोन भाग, हे प्रमाण चुकवू नये. खालचा विस्तव वाढला की तळ करपतो आणि चीज मात्र तसेच घट्ट राहते. पिठाची चिमूट पत्र्यावर टाकून पाहावी. ती सावकाश बदामी झाली तर विस्तव बेताचा, तत्काळ काळवंडली तर निखारे ओढावेत.

सामिष भरणासाठी मांसाचे काप की खिमा, यावर मावशींचा व माझा थोडा वाद झाला. कापांच्या बाजूने त्या होत्या, कारण कागदावर तसे होते. मी त्यांना एक काप घालून पाव खावयास दिला. पहिल्याच घासाला अख्खा काप दातांबरोबर बाहेर आला आणि हातात रिकामा पाव उरला! शंभर माणसे उभ्याने खाणार, त्यांत मुले आणि कवळीवाले आजोबा. तेथे बकऱ्याचा बारीक खिमाच बरा. ज्यांना कापच हवे असतील त्यांनी ते तंतूंच्या आडवे व कागदासारखे पातळ चिरून कच्च्या पपईचा थोडा वाटलेला गर अर्धा तास लावून ठेवावा. पपईतील द्रव्य मांसाचे तंतू तोडते. पण रात्रभर ठेवल्यास मांसाचा लगदा होतो.

आमच्या पहिल्या चाचणीचा फज्जा उडाला, तोही सांगतो. खिमा रसदार ठेवला होता, चवीला फार सुरेख. लादी भाजून कापली, पहिला चौकोन उचलला, आणि खालचा अर्धा पाव पत्र्यालाच राहिला. सगळा रस तळात मुरला होता. भात-पोळीबरोबर जे कालवण चांगले, ते पावाच्या पोटात चालत नाही. दुसऱ्या खेपेस खिमा परतून पाणी पूर्णपणे आटविले, सुटलेली चरबी निथळून काढली, लादीचा कापलेला तळ लोणी लावून तव्यावर किंचित कुरकुरीत केला आणि चीजचा एक पातळ थर खिम्याच्या वर घालण्याऐवजी खाली घातला. लोणी आणि चीज मिळून ओलावा अडवितात. तेव्हापासून एकही लादी फाटलेली नाही.

चीजविषयी आपल्याकडे अकारण संकोच आहे. बडोद्याहून चाळीसेक किलोमीटरवर आणंद आहे. १९४६ साली तेथे शेतकऱ्यांची दूध सहकारी संस्था उभी राहिली आणि अमूलचे नाव घरोघर गेले. डब्यात वा वेष्टनात मिळणारे हे प्रक्रिया केलेले चीज विशिष्ट क्षार घालून वितळविलेले असते. म्हणून ते पुन्हा तापविल्यावर तूप वेगळे न सुटता एकसंध पसरते. गर्दीच्या स्वयंपाकास हा मोठाच गुण. वेष्टनावरील हिरवा ठिपका अवश्य पाहावा. काही चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते आणि ते शाकाहारी माणसास चालणार नाही.

शाकाहारी भरणात आम्ही कांदा, लसूण आणि बटाटा मुळीच घातला नाही. जैन शेजाऱ्यांसाठी तिसरा प्रकार करावा, अशी सूचना आली होती. मी ती मोडून काढली. तीन प्रकार झाले की पुन्हा गोंधळ आणि पुन्हा तो डाव! त्यापेक्षा एकच भरण असे करावे की ते सर्वांस चालेल. किसलेले पनीर, उकडलेले मक्याचे दाणे, बारीक चिरलेली भोपळी मिरची व कोबी, वाटलेली मिरी, धने-जिरे आणि लिंबू. कोबीला मीठ लावून पिळून घ्यावे, नाहीतर तोही खिम्यासारखाच रस सोडतो.

एकशेवीस माणसांचा आमचा हिशेब असा होता. माणशी दोन पाव, म्हणजे दोनशेचाळीस पाव, सहाच्या चाळीस लाद्या. वीस सामिष, वीस शाकाहारी. कच्चा खिमा सहा किलो आणि त्यात दोन किलो कांदा. शिजून आटल्यावर प्रत्येक पावास सुमारे पन्नास ग्रॅम भरण येते. पनीर अडीच किलो, मका व भाज्या मिळून चार किलो. चीज अडीच किलो, दोन्ही भरणांस समान वाटून. लोणी सहाशे ग्रॅम. प्रत्यक्षात शाकाहारी लाद्या आधी संपल्या, कारण सामिष खाणाऱ्यांनीही त्या मागितल्या. पुढच्या वेळी चोवीस आणि सोळा करीन.

एक इशारा गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावा. खिमा आदल्या रात्री शिजवून बाहेर ठेवू नये. बडोद्याच्या उष्म्यात शिजलेले मांस दोन तासांहून अधिक काळ कोमट राहिले तर त्यात विष तयार होण्याची भीती असते, आणि ते पुन्हा गरम केल्याने नेहमीच जाते असे नाही. त्याच सकाळी शिजवावा, किंवा आदल्या दिवशी शिजवून उथळ ताटांत लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवावा आणि भरण्यापूर्वी वाफ निघेपर्यंत तापवावा. लाद्या भरून तासन्‌तास ठेवू नयेत. भराव्या आणि भाजाव्या.

सणाच्या दिवशी मांडणी अशी केली. फाटकाजवळ सावलीत शाकाहारी मेज, त्यावर बेकरीतून परभारे आलेले पत्रे, त्याच्या सुऱ्या आणि त्याचे वाढपी निराळे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला निखारे आणि सामिष पत्रे. शाकाहारी मेजावर वाढावयास आम्ही आमचा माणूस ठेवलाच नाही. बांच्या सोसायटीतील दोन सुनांना विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मानली. आपल्या माणसाच्या हातून वाढले जात आहे, हे दिसल्यावर कोणाला काही विचारावे लागले नाही. हे मला सुचले नव्हते, मावशींना सुचले.

बा उशिरा आल्या. पाववाल्याचे नाव त्यांनी विचारले, अंड्याचे विचारले, चीजच्या वेष्टनावरचा ठिपका चष्मा लावून पाहिला. मग खुर्चीवर बसून दोन पाव सावकाश खाल्ले, आणि तिसरा कागदात गुंडाळून नातवासाठी पदराआड धरून घरी नेला.