हरवलेले गोठे : भाग ६ – राखेची टेकाडं

मागच्या भागात आपण घोड नदीकाठी इनामगावात होतो. पाऊस आटत गेला तशी तिथली शेतकरी माणसं गुरा-मेंढरांमागे हिंडू लागली, असं म. के. ढवळीकर यांनी मांडलं होतं. आज खाली कृष्णेकडे जाऊ. इथली गोष्ट उलट्या टोकाची आहे. इथल्या माणसांचं सगळं गुरांभोवतीच चाले. शेत असलं तर कुळीथ, मूग आणि बारीक भरडधान्यापुरतं.

बळ्ळारीहून होस्पेटकडे जाताना कुडतिनीजवळ रस्त्यालगत एक करडं टेकाड लागतं. हात लावून पाहिलं तर कुठे भुसभुशीत राख, कुठे वीटभट्टीतल्या खंगरासारखा, वितळून थिजलेला गोळा. भीमानं मारलेल्या हिडिंबाला इथे जाळलं, ही त्या मुलखातली जुनी कथा. साहेबलोकांचे तर्कही काही कमी नव्हते. कुणाला ज्वालामुखी आठवला, कुणाला धातू गाळायची भट्टी. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र एकोणिसाव्या शतकातच हे जळालेलं शेण असल्याचं ओळखलं. पुढे १९६०च्या सुमारास झॉयनर या संशोधकानं राख तपासून त्याला दुजोरा दिला. गाय गवत खाते, गवतात सिलिका असते, ती पचत नाही. शेण जळून गेलं तरी ती मागे राहते, आणि आग पुरेशी कडक असेल तर वितळून काचेसारखी होते. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात मिळून अशी शंभराहून अधिक टेकाडं आहेत.

१९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी तेलंगणातल्या उटनूरचं टेकाड खणलं. राखेखाली कुंपणाच्या खांबांचे खळगे निघाले. म्हणजे हा गुरांचा वाडा. एका थरावर चक्क खुरांचे ठसे होते. पावसाळ्यात गोठ्यापुढचा राडा ज्यानं तुडवलाय, त्याला ते ठसे कसे उमटले हे सांगायला नको. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गुरं तिथून गेली, वरून आग लागली आणि तो चिखल जसाच्या तसा राहिला. मग त्यावर नवं कुंपण, नवं शेण, पुन्हा आग.

आग अपघातानं एकदा लागेल, फार तर दोनदा. इथे ती मुद्दाम लावलेली दिसते. ऑल्चिन यांना होळी आठवली, संक्रांतीला जाळावरून गुरं उडवायची दक्षिणेतली चालही आठवली. मला हा धागा मोहक वाटतो, पण चार हजार वर्षं ताणण्याइतका मजबूत वाटत नाही. मला छळणारा प्रश्न साधा आहे : इतकं सोन्यासारखं खत जाळलं का? आपल्याकडे धनगराची मेंढरं रानात बसवायला शेतकरी धान्य मोजतो. उत्तर बहुधा त्या कुळथा-मुगातच आहे. शेत वीतभर आणि गुरं शेकड्यांनी असतील, तर शेण ही अडगळच.

या लोकांचं घर कुठे होतं? बरेच दिवस सगळ्यांची नजर टेकाडावरच खिळलेली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी शोरापूर भागातल्या बुदिहाळला टेकाडाच्या आजूबाजूची जमीन उघडली. (‘बूदि’ म्हणजे कन्नडमध्ये राख, नावातच पत्ता आहे.) वाड्याला लागूनच वस्ती निघाली, गारगोटीसारख्या चर्ट दगडाची पाती काढायचा कारखाना निघाला, लहान मुलांची दफनं निघाली. शिवाय गुरं कापण्याची एक जागा, हाडं आणि दगडी हत्यारं एकमेकांत मिसळलेली. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं इथे ठरावीक दिवसांत जमत असावीत, असं पद्दय्या सुचवतात. गुरांचा बाजार, जेवणावळ, सोयरीक. हे मला होळीपेक्षा पटतं, कारण त्यात हाडांचा पुरावा आहे.

यातली बरीच टेकाडं आता अर्धीमुर्धी उरलीत. आसपासच्या गावांतले शेतकरी ही राख खत म्हणून गाड्या भरभरून नेत आले आहेत. खणून नेलेल्या ठिकाणी उभी कड उघडी पडते, आणि त्या कडेवर पांढरे, करडे, काळे पट्टे एकावर एक स्पष्ट दिसतात.

पुढच्या आठवड्यात कुपगलच्या डोंगरावर चढू. तिथल्या काळ्या धोंड्यांवर याच लोकांनी लांब शिंगांचे बैल कोरून ठेवलेत.