सेन्सरच्या पोटातली पत्रिका

नव्या गाडीची कंपनचाचणी घ्यायची, तर तिच्या सांगाड्यावर डझनांनी ॲक्सेलरोमीटर चिकटवतात. प्रत्येकाची केबल मोजणी यंत्राच्या एकेका चॅनेलला जाते. पुण्यासारख्या वाहन उद्योगाच्या गावात हे काम कित्येक प्रयोगशाळांत रोज चालतं. सेन्सर चिकटवणं हा त्यातला सोपा भाग. खरी कटकट आकडे भरण्याची.

कारण एकाच मॉडेलचे दोन सेन्सर तंतोतंत सारखे नसतात. कॅटलॉगमध्ये एक 'जी' त्वरणाला 100 मिलिव्होल्ट असं छापलेलं असतं; प्रत्यक्षात एखादा 97.4 देतो, दुसरा 103. हा नेमका आकडा कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटवर असतो आणि तो बघून कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतो. घाईत 97.4 चं 79.4 झालं, की त्या जागेचं कंपन सुमारे 23 टक्के जास्त दिसू लागतं. आलेख मात्र छान दिसतो, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. दोन केबलींची अदलाबदल झाली तरी तेच.

यावर उपाय सरळ आहे: आकडा कागदावर ठेवण्यापेक्षा सेन्सरमध्येच ठेवायचा. अमेरिकेतल्या 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1451 या मानकमालेत त्याची रीत ठरवलेली आहे. ॲनालॉग सेन्सरसाठीचा 1451.4 हा भाग 2004 साली मंजूर झाला. सेन्सरमध्ये एक छोटी मेमरी चिप बसवतात आणि तिच्यात त्याची माहिती लिहितात. या नोंदीला 'टेड्स' म्हणतात. सेन्सरने सतत पोटाशी बाळगलेली पत्रिकाच ती.

पत्रिकेची सुरुवात 64 बिटांची. त्यातले 14 बिट उत्पादकाचा क्रमांक सांगतात, 15 मॉडेलचा, 11 आवृत्तीचा आणि उरलेले 24 अनुक्रमांकाचा. या 24 बिटांत 1 कोटी 67 लाखांहून जास्त वेगवेगळे क्रमांक बसतात. पुढे सेन्सरच्या जातीप्रमाणे तपशील येतो. ॲक्सेलरोमीटर असेल तर संवेदनक्षमता, ती कोणत्या वारंवारितेला मोजली, कॅलिब्रेशनची तारीख, ते करणाऱ्याची तीन आद्याक्षरं आणि पुढचं कॅलिब्रेशन किती दिवसांनी करायचं ते.

एवढं सगळं मावतं किती जागेत? सुरुवातीच्या काळात वापरात आलेल्या एका चिपची मेमरी 256 बिटांची, म्हणजे 32 बाइट. संगणकावर नेहमीच्या युनिकोड पद्धतीत 'महाराष्ट्र' हा एक शब्द लिहिला की त्यातले 30 संपतात! म्हणून चिपमध्ये शब्द नसतातच. कोणत्या क्रमाने काय येणार याचे साचे मानकानेच ठरवून दिलेत. ॲक्सेलरोमीटरचा 25 क्रमांकाचा, थर्मोकपलचा 36 चा. चिप फक्त साच्याचा क्रमांक आणि नुसते आकडे सांगते, त्यांचा अर्थ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ठाऊक असतो.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वायरिंगची आहे. अशा ॲक्सेलरोमीटरला दोनच वाहक असतात. त्यांवरूनच काही मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह आत जातो आणि कंपनाचा सिग्नल बाहेर येतो. चिपसाठी तिसरी वायर नको होती, कारण मग आधीच्या सगळ्या केबली बाद झाल्या असत्या. म्हणून पत्रिका वाचायची असेल तेव्हा यंत्र विजेची दिशा उलटी करतं. आतल्या डायोडमुळे सेन्सरचा नेहमीचा भाग बंद पडतो आणि चिप बोलू लागते. वाचून झालं की दिशा पूर्ववत, मोजणी सुरू. हे सगळं जोडणी तपासताना उरकतं. वजन मोजणाऱ्या लोडसेलसारख्या सेन्सरमध्ये मात्र चिपसाठी वेगळी वायर देतात.

काही ठिकाणी हा मार्ग चालत नाही. एक्झॉस्टजवळ तापमान काही शे अंशांवर जातं, तिथल्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच टिकत नाही. अशा आणि जुन्या सेन्सरसाठी तीच माहिती संगणकावरच्या फाइलमध्ये ठेवतात. पण मग कोणती फाइल कोणत्या सेन्सरची, हे पुन्हा माणसालाच जुळवावं लागतं.

मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे. चिप आहे म्हणजे सेन्सर स्वतःला तपासतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ही पत्रिका भविष्य सांगत नाही, भूतकाळच सांगते: अमुक तारखेला प्रयोगशाळेत हा आकडा आला होता, एवढंच. त्यानंतर सेन्सर फरशीवर आपटला तर ते तिला कळत नाही. टाइप करतानाची चूक तिने टळते, कॅलिब्रेशन टळत नाही.

आणि इथेच एक नवी चूक शिरू शकते. सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट होऊन येतो, सोबत नवं सर्टिफिकेट येतं, पण चिपमधला आकडा जुनाच राहतो. यंत्र तर चिपचंच ऐकणार. तेव्हा सेन्सर कॅलिब्रेशनला पाठवताना ऑर्डरमध्येच लिहा की नवे आकडे चिपमध्येही भरून हवेत, आणि परत आल्यावर चिप वाचून सर्टिफिकेटशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.