पास्त्याची पहिली दोन मिनिटे

पास्ता चिकटू नये म्हणून उकळत्या पाण्यात चमचाभर तेल सोडण्याची सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे. ते तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहते, आणि पास्ता बसलेला असतो पातेल्याच्या तळाशी. म्हणजे चिकटण्याचा धोका जिथे सर्वाधिक, तिथे तेल पोहोचतच नाही. पुढे चाळणीत ओतताना ते पास्त्यावर ओघळते, त्याला बुळबुळीत करते. पास्ता थोडा सुटा दिसतो खरा, पण सॉस त्याला नीट धरत नाही.

पास्ता चिकटवतो तो गव्हातला स्टार्च, आणि त्या स्टार्चला जागेवर धरून ठेवतात ती गव्हातलीच प्रथिने. ताटात पास्ता मोकळा येणार की त्याचा गोळा होणार, हे या दोघांच्या ओढाताणीत ठरते. म्हणून सुरुवात पातेल्यापासून नव्हे, दुकानातल्या पाकिटापासून करायला हवी.

चांगला वाळलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. या गव्हाचा दाणा इतका कठीण, की दळताना त्याचे पीठ होण्याआधी रवा पडतो. इटलीत तर वाळलेल्या पास्त्यासाठी ड्युरमच वापरायचा, असा कायदा १९६७ मध्ये झाला. हा गहू आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात ज्याला बन्सी म्हणतात तो ड्युरमच, आणि खपली त्याचा जवळचा भाऊबंद. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या ड्युरम वाणात प्रथिनांचे प्रमाण १४.७ टक्के आहे. जिरायती शेतात येणाऱ्या गव्हाला हे प्रमाण उत्तमच म्हणायचे. पास्त्याच्या पाकिटावर घटकांमध्ये ड्युरम रवा लिहिला आहे का आणि १०० ग्रॅममागे प्रथिने १२ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त आहेत का, एवढे जरूर पाहावे. मैद्याच्या पास्त्यात स्टार्चला आवळून धरणारी जाळी लेचीपेची असते. तो कितीही काळजीने शिजवला, तरी लगदा व्हायला वेळ लागत नाही.

आता पातेल्यात काय घडते ते पाहू. कोरड्या पास्त्यात पाणी जेमतेम १२ टक्के असते. उकळत्या पाण्यात पडताच त्याचा पृष्ठभाग पाणी शोषू लागतो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण फुगतात आणि त्यांतून अमायलोज नावाचे लांब साखळीचे रेणू बाहेर झिरपू लागतात. त्याच वेळी उष्णतेने ग्लुटेन, म्हणजे गव्हातल्या त्या प्रथिनांची जाळी, घट्ट होत असते. पास्त्याच्या आत ही जाळी फुगणाऱ्या कणांना कोंडून ठेवते. अगदी वरच्या थरातल्या कणांना मात्र बाहेरून अडवणारे कुणी नसते. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक तुकड्याच्या अंगावर दाट, चिकट खळीचा थर तयार होतो. दोन तुकडे या वेळी एकमेकांना टेकून पडले, तर मधले पाणी दोघेही पिऊन टाकतात आणि उरलेली खळ त्यांना जोडून टाकते. पुढे तो सांधाही शिजतो. मग कितीही ढवळा, तुकडे सुटत नाहीत, तुटतात.

चकोल्या करताना कणकेचे तुकडे उकळत्या वरणात एकदम न ओतता एकेक करून सोडतात, त्यामागचे कारण नेमके हेच आहे.

पास्ता एकेक करून सोडणे शक्य नसते, म्हणून तो ढवळायचा. पाण्यात टाकल्याक्षणी, तळापासून, आणि पहिली दोन-तीन मिनिटे पातेल्यापासून न हलता. खळीचा थर पाण्यात विरघळून गेला की धोका बराचसा टळतो, नंतर अधूनमधून चमचा फिरवला तरी पुरते. स्पॅगेटीकडे जास्त लक्ष द्यावे लागते, कारण तिच्या काड्या समांतर पडतात आणि पूर्ण लांबीभर एकमेकींना चिकटतात. पेन्नेसारख्या नळ्यांना टेकायला जागाच कमी.

१०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हे इटलीतले जुने प्रमाण. भरपूर पाण्यात खळ पातळ होते आणि जोरदार उकळी तुकड्यांना हलते ठेवते, म्हणून ते सोयीचे आहे, अनिवार्य नाही. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये आपले प्रयोग मांडले. सुमारे ४५० ग्रॅम पास्ता त्यांनी जेमतेम दीड लिटर पाण्यात, तोही गार पाण्यापासून सुरुवात करून शिजवला. ढवळावे जास्त लागले, पण पास्ता चांगला झाला. २०२२ मध्ये युरोपात इंधनाचे दर कडाडले, तेव्हा भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले जॉर्जो पारिसी यांनी वेगळीच पद्धत उचलून धरली. पास्ता टाकून पाणी पुन्हा उकळले की आच बंद करायची आणि झाकण ठेवायचे. इटलीतले काही नामवंत शेफ रागावले. विज्ञान मात्र पारिसींच्या बाजूने आहे. स्टार्च फुगायला आणि ग्लुटेन घट्ट व्हायला ८० अंशांच्या वरचे पाणी पुरेसे असते. त्यात खळखळ नसल्याने सुरुवातीचे ढवळणे तेवढे चुकवू नये.

मिठाबद्दल थोडक्यात. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातल्याने उत्कलनबिंदू ०.२ अंशही वाढत नाही. मीठ चवीसाठीच घालायचे, पण ते शिजतानाच, कारण नंतर ते पास्त्याच्या आत शिरत नाही.

चिकटण्याची दुसरी वेळ गाळल्यानंतर येते, आणि आपल्याकडचा बहुतेक पास्ता इथेच बिघडतो असे माझे मत आहे. पास्ता आधी शिजवून चाळणीत ठेवायचा आणि मग निवांत कांदा-सिमला मिरची चिरायला घ्यायची, हा क्रमच उलटा आहे. पाण्याबाहेर काढताच अंगावरच्या पाण्याचा पृष्ठताण ओल्या काड्यांना एकत्र ओढतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे ओढले जाणे मोजून दाखवले, आणि काड्या किती लांबीपर्यंत जुळतात यावरून पास्ता कितपत शिजला हे साध्या फूटपट्टीने ओळखता येते, असेही दाखवले. चाळणीत वाफ निघून जाते, पाणी आटते आणि पास्ता निवतो. निवताना अमायलोजचे रेणू एकमेकांशी जुळून घट्ट होतात. दहा मिनिटांत त्याचा चाळणीच्या आकाराचा गोळा तयार! तेव्हा सॉस आधी तयार हवा. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी, आत कणभर कच्चा असतानाच उचलावा आणि थेट सॉसमध्ये पडावा. गार पाण्याखाली धुवायचा तो फक्त सॅलडसाठी. एरवी धुतल्याने सॉसला धरून ठेवणारा स्टार्चही वाहून जातो.

हाच स्टार्च सॉसमध्ये केवढा उपयोगी पडतो, याचा पुरावा रोममधल्या ‘काचो ए पेपे’ या पदार्थात आहे. पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्त्याचे पाणी एवढ्यावर तो होतो, पण गरम होताच चीजच्या गुठळ्या होतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्याचा अभ्यास करून २०२५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल, तर सॉस गुळगुळीत राहतो. १ टक्क्याच्या खाली गेला, की गुठळ्या. त्या वर्षीचे भौतिकशास्त्राचे इग्नोबेल या कामाला मिळाले. कमी पाण्यात शिजवलेल्या पास्त्याचे पाणी जास्त दाट असते, म्हणजे मॅकगींची काटकसर इथेही उपयोगी पडते. चीज घातलेला व्हाइट सॉस असो की टोमॅटोचा, घट्ट झाला की त्यात दूध किंवा साधे पाणी न घालता हे पाणी घालून पाहा. पुढच्या वेळी पास्ता सिंकमध्ये गाळण्याआधी त्यातले वाटीभर पाणी काढून ठेवा.