इंजिनाच्या तेलाची काडी : ती कशी मिळवावी व तिच्यावर खुणा कशा कराव्या

मृगाचा पाऊस पडून पऱ्हे टाकून झाले आणि ऐन रोवणीच्या वेळीं आभाळानें दगा दिला, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या भागांतील धानकऱ्याची सारी मदार तलावावर किंवा नाल्यावर बसविलेल्या इंजिनावर येऊन पडते. विजेचे पंप आतां पुष्कळ ठिकाणीं झाले आहेत. तरी जंगलपट्टींत, जेथें बांधीपर्यंत तार पोहोंचलेली नाहीं, तेथें डिझेलचें इंजिन हेंच अडीअडचणीचें साधन आहे. अशा इंजिनाचा प्राण म्हणजे त्याच्या पोटांतील तेल. आणि तें किती आहे हें सांगणारी वस्तु म्हणजे एक लहानशी लोखंडी काडी. मिस्त्री लोक हिला डिपस्टिक किंवा गेज म्हणतात. ही काडी हरवली, मोडली, अथवा भलत्याच इंजिनाची येऊन बसली, तर काय करावें हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम आमचाच एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक जुनें इंजिन विकत घेतलें. त्याचा मूळचा चेंबर, म्हणजे तळाचें तेलाचें भांडें, फुटल्यामुळें मागच्या धन्यानें दुसरा बसविला होता व भंगारांतून एक काडी आणून भोकांत घातली होती. आम्ही रोज सकाळीं काडी काढून पाहत असूं आणि तेल वरच्या खुणेपर्यंत दिसत असे. रोवणीच्या चौथ्या दिवशीं इंजिन एकाएकीं ठोकूं लागलें व बंद पडलें. उघडून पाहतों तों बेअरिंग जळून क्रँकला चिकटलेलें ! तेल बाहेर काढून मोजलें तें पाहिजे होतें त्याच्या निम्म्याहूनहि कमी भरलें. दुरुस्तीस आठ दिवस लागले आणि तेवढ्यांत बांध्या भेगाळल्या. आमच्या इंजिनाविषयीं दुसऱ्याच इंजिनाची काडी साक्ष देत होती, व ती आम्हीं खरी मानली, एवढीच आमची चूक.

खुणेचा अर्थ

पूर्वीं धान मोजण्याच्या पायल्या गांवोगांवीं निराळ्या असत. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापें आलीं व तो घोळ मिटला. काडीवरील खूण मात्र अजूनहि त्या जुन्या पायलीसारखीच आहे. ती काडी, ती बसते ती नळी, तो चेंबर आणि इंजिन उभें असण्याची ती ढब, या चारांच्या मेळानें खुणेस अर्थ येतो. यांतील एक जरी बदललें तरी खूण फोल होते.

ही अडचण केवळ आपलीच आहे असें नाहीं. इंग्लंडांत १९५७ सालीं लोटस कंपनीनें ‘सेव्हन’ नांवाची लहान मोटार बाजारांत आणली. ती सुट्या भागांच्या रूपानें घेऊन घरीं जोडतां येत असे. अशा घरीं जोडावयाच्या मोटारींत इंजिन एका कारखान्याचें, सांगाडा दुसऱ्याचा, आणि जमिनीस लागूं नये म्हणून चेंबर उथळ केलेला, असा प्रकार पुष्कळदां असतो. तेथें मूळची काडी निरुपयोगी ठरते व जोडणाऱ्यास तेल मापून घालून नव्या खुणा कराव्या लागतात. आपल्याकडे ट्रॉलीवर चढविलेल्या जुन्या इंजिनाची स्थिति याहून निराळी नाहीं.

काडीवर दोन खुणा असतात. खालच्या खुणेखालीं तेल गेलें म्हणजे तेल ओढणाऱ्या जाळींत हवा शिरते, तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंगें जळतात. वरच्या खुणेच्या पुष्कळ वर तेल गेलें म्हणजे फिरता क्रँक त्यांत आपटून तेलाचा फेस करतो. धूर होतो व सीलें गळूं लागतात. कधीं कधीं तर जादा तेल सिलिंडरांत चढून जळूं लागतें आणि डिझेल बंद केलें तरी इंजिन आपल्याच तेलावर बेफाम धांवतें. म्हणून ‘थोडें जास्त असलेलें बरें’ ही समजूत सोडून द्यावी.

दुसरी काडी कशी निवडावी

इंजिनाच्या पाटीवरील कंपनीचें नांव, नमुना व क्रमांक उतरून घेऊन त्या कंपनीच्या विक्रेत्याकडे मूळची काडी मिळते काय, तें पाहावें. महाराष्ट्रांत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ पासून आहे व तिच्या कित्येक नमुन्यांचे सुटे भाग मिळतात. भंगारांतून घ्यावयाची झाल्यास त्याच नमुन्याच्या इंजिनाची घ्यावी आणि नळी वेगळी असेल तर तीहि बरोबर आणावी. काडीच्या मुठीखालीं जी टोपी किंवा कॉलर असते, ती जेथें टेकते तेथून खुणेपर्यंतचें अंतर हेंच खरें महत्त्वाचें. हें अंतर पाहिजे त्याहून अधिक असेल, तर तेल कमी असतांहि पूर्ण दिसेल. अंतर कमी असेल, तर तेल पुरेसें असतांहि उणें दिसेल व आपण जादा ओतूं.

मूळची काडी मिळालीच नाहीं, तर लोहाराकडून पोलादाच्या अरुंद पट्टीची करवून घ्यावी. बांबू आपल्या भागांत हाताशीं असतो म्हणून पुष्कळ जण बांबूची कामटीच आंत घालतात. तसें करूं नये. तिचें कुसळ तुटून जाळींत अडकतें. नवी पट्टी आंत बसवून क्रँक हातानें दोन फेरे फिरवून पाहावा. ती कोठें लागत असेल तर कापून आंखूड करावी. इंजिन चालू असतां काडी कधींच घालूं नये.

मर्यादा ठरविणें

चेंबर मूळचा असेल तर पुस्तकांत दिलेलें तेलाचें माप प्रमाण धरावें. चेंबर बदललेला असेल तर तें माप लागू पडत नाहीं. तेव्हां उंचीवरून मर्यादा ठरवावी. बाजूचें झांकण काढून क्रँक फिरवावा व कनेक्टिंग रॉडचें टोक अगदीं खालीं आणावें. पंपानें तेल खेळविणाऱ्या इंजिनांत वरची मर्यादा या टोकाच्या निदान एक बोट खालीं असावी, आणि खालच्या मर्यादेसहि जाळी दोन बोटें तेलांत बुडालेली असावी. ज्या संथ इंजिनांत रॉडच्या टोकास लहान पळी असून ती तेलांत बुडून तेल उडविते, तेथें हा नियम चालत नाहीं. पळी किती बुडावी हें त्या नमुन्याच्या पुस्तकावरूनच घ्यावें. विलायतेच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर राजकोटास बनलेलीं संथ इंजिनें बहुधा या जातीचीं असतात.

खुणा करण्याची रीत

इंजिन जेथें नेहमीं चालतें तेथेंच पाणसळ लावून समतल करावें. थोडें चालवून तेल कोमट झालें म्हणजे तळाचा नट काढून सर्व तेल निथळूं द्यावें व अर्धा तास थांबावें. जुनें तेल नाल्यांत किंवा बांधींत न ओततां डब्यांत सांठवावें. फिल्टर बदलावयाचा असेल तर याच वेळीं बदलावा व नट वायसरासह घट्ट बसवावा.

समजा, इंजिनास पूर्ण तेल ३.५ लिटर व कमींत कमी २.५ लिटर लागतें. प्रथम लिटरच्या मापानें २.५ लिटर घालावें. इंजिन दोन मिनिटें चालवून बंद करावें, म्हणजे फिल्टर व तेलाच्या वाटा भरतात. पंधरा मिनिटें थांबून काडी पुसून पूर्ण बसवावी, बाहेर काढावी व तेलाची रेघ पाहावी. तीन वेळां रेघ एकाच जागीं आली म्हणजे तेथें खालची खूण करावी. मग राहिलेलें १ लिटर घालून, पुन्हां थांबून, वरची खूण करावी. खूण कानशीनें हलकीच करावी. खोल केल्यास काडी तेथेंच मोडते. रंगाची खूण टिकत नाहीं.

आपली खूण बरोबर आहे कीं नाहीं, हें गणितानेंहि पडताळतां येतें. चेंबर सरळ भिंतींचा, ४० सें.मी. लांब व १२.५ सें.मी. रुंद असेल, तर त्याचें क्षेत्र ५०० चौरस सें.मी. होतें. १ लिटर म्हणजे १००० घन सें.मी.; म्हणून पातळी २ सें.मी. चढेल. काडी उभी असेल तर दोन खुणांमध्यें २ सें.मी. अंतर येईल, ती ४५ अंशांनीं तिरपी असेल तर सुमारें २.८ सें.मी. येईल.

याच चेंबराचें एक टोक ट्रॉलीच्या चढामुळें २ सें.मी. उंच झालें, तर टोकापाशीं असलेली काडी सुमारें १ सें.मी. चूक दाखवील, म्हणजे अर्ध्या लिटरचा फरक पडेल. यासाठीं इंजिन बांधावर कोठेंहि नेलें तरी तेल पाहण्यापूर्वीं चाकाखालीं दगड लावून तें समतल करावें.

काडीवर लक्ष ठेवणें

खुणा झाल्या म्हणजे रोज सकाळीं, इंजिन थंड असतां, तेल पाहावें. तें हळूहळू कमी झालें तर भर घालतां येते. परंतु न घालतां पातळी वाढली, तर आनंद मानूं नये : तेलांत डिझेल अथवा पाणी शिरत आहे. तेल पातळ होऊन डिझेलचा वास आला तर डिझेल, व दुधासारखें पांढुरकें झालें तर पाणी समजावें. आणि दोष निघेपर्यंत इंजिन चालवूं नये.

एक लिटरचें माप, एक कानस, एक पाणसळ व अर्ध्या दिवसाची फुरसत एवढेंच भांडवल या कामास लागतें. तें उन्हाळ्यांतच करून ठेवावें. तेलाचें माप व खुणांमधील अंतर इंजिनघराच्या भिंतीवर लिहून ठेवावें, म्हणजे पुढें काडी हरवली तरी नवी करणें सोपें जाईल. ज्यांनीं जुनें इंजिन विकत घेतलें आहे त्यांनीं तर पहिल्याच दिवशीं तेल मापून काडीची परीक्षा घ्यावी, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस आग्रहाची सूचना आहे.